फोटो लोकांसमोर न्यायचे आहेत : स्पर्धा, सलोन, प्रदर्शन – कुठून सुरुवात करावी?

मृण्मयी_क

नमस्कार मंडळी,

मी कराडजवळ राहते, शाळेत शिकवते आणि सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन शिवारात असते. बरीच वर्षं एकाच विषयाच्या मागे आहे : मेंढपाळ धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणाऱ्या कुटुंबांचे तळ. पावसाळा सरला की माणदेशाकडून मेंढरं घेऊन निघालेली कुटुंबं आमच्या भागात उतरतात. रिकाम्या शेतात मेंढरं बसवतात, शेतकऱ्याला खत मिळतं, त्यांना धान्य किंवा पैसे, आणि दोन-चार दिवसांत वाडा पुढे सरकतो. पहाटे बिऱ्हाड हलताना बायका घोड्यावर आधी वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) टाकतात, मग धान्याची पोती, भांडी, आणि सगळ्यात वर एका पोत्यातून कोकरांची डोकी बाहेर काढलेली. चालायचं बळ नसलेली कोकरं असा प्रवास करतात. ही सगळी कामं बायका किती झपाट्याने करतात ते बघत राहावं.

फोटो बरेच साठले आहेत. इन्स्टावर टाकले की दोन दिवस बदाम येतात आणि फोटो खाली जातो. मला ते लोकांनी उभं राहून, नीट बघावेत असं वाटतं. ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी बघून बरंवाईट सांगावं असंही वाटतं.

म्हणून विचारते. कोणत्या स्पर्धा खरोखर पाठवण्याजोग्या आहेत? काहींचं शुल्क बघून छातीत धस्स होतं, ते भरावं का? प्रदर्शन भरवायचं तर सुरुवात कुठून करायची? आणि एक जुना सल आहे. एका कंपनीच्या मोफत स्पर्धेत फोटो दिला होता. निकालाचं पत्र कधी आलंच नाही, पण पुढच्या वर्षी त्यांच्या कॅलेंडरवर तो फोटो दिसला, माझं नाव नसलेला. तेव्हापासून कुठेही पाठवताना हात आखडतो.

---

चांदणभूल

खूप छान विषय, मृण्मयी. कोकरांचा फोटो डोळ्यांसमोर उभा राहिला. दोन-तीन इथे टाकाल का? वाचनखूण साठवते आहे, माझ्या भावालाही हेच प्रश्न पडलेत.

---

सिल्व्हरब्रोमाइड

मृण्मयीताई, मी क्लबवाला माणूस, म्हणून सलोनपासून सांगतो.

कॅमेरा क्लब जी मान्यताप्राप्त स्पर्धा घेतात आणि निवडलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरवतात तिला सलोन म्हणतात. मान्यता देणाऱ्या दोन मोठ्या संस्था आहेत. एक फियाप (छायाचित्रण संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ), १९५० साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नला स्थापन झालेली. दुसरी अमेरिकेची पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका), १९३४ पासूनची. आपल्याकडे फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ पासून काम करते आणि देशभरचे क्लब तिला जोडलेले आहेत. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया तर १९३७ ची.

सलोनला मोनोक्रोम, कलर, नेचर, ट्रॅव्हल, फोटोजर्नालिझम असे विभाग असतात आणि प्रत्येक विभागात साधारण चार फोटो देता येतात. बहुतेक ठिकाणी तीन परीक्षक बसतात. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर एकामागून एक फोटो येतात, परीक्षकांच्या हातात गुण द्यायची कळ असते, तिघांच्या गुणांची बेरीज होते. ठरलेल्या रेषेच्या वर गेलात तर ‘ॲक्सेप्टन्स’. पदकं मूठभरांनाच. असे ॲक्सेप्टन्स वेगवेगळ्या देशांतून साठले की ए-फियाप, ई-फियाप असे किताब मिळतात आणि ते नावापुढे लावता येतात.

आता मनापासून सांगतो ते ऐका. परीक्षक एका फोटोवर फार तर काही सेकंद थांबतो. त्या वेळात जो फोटो बोलतो तो पुढे जातो. मागून आलेलं ऊन, उडालेली धूळ, मधोमध एक ठसठशीत आकृती. तुमच्या घोड्यावरच्या कोकरांना तिथे संधी आहे. वाघर दुरुस्त करणाऱ्या म्हातारीचा शांत फोटो असेल तर तो पहिल्याच फेरीत बाद होईल, आणि तो कमी प्रतीचा असेल म्हणून बाद होईल असं मुळीच नाही. हे माहीत असलं की निकाल मनाला लागत नाही.

पाठवण्याआधी त्या सलोनचे मागच्या दोन वर्षांचे कॅटलॉग उघडून बघा. ते बहुतेक वेळा संकेतस्थळावर पीडीएफमध्ये असतात. परीक्षकांची नावं आधी जाहीर होतात, त्यांचं स्वतःचं काम बघा. इतकं केलं तरी निम्मे पैसे वाचतात. आणि मुख्य म्हणजे जवळच्या क्लबात जाऊन महिन्याच्या बैठकीला बसा. समोरासमोर कोणीतरी तुमचा फोटो उलगडून दाखवतं, ते घरबसल्या मिळत नाही.

---

काळापांढरा

सिल्व्हरब्रोमाइडकाकांचा आदर राखून वेगळं मत मांडतो.

सलोनची पदकं सलोनच्या जगात ओळखली जातात. त्या जगात मित्र मिळतात, तांत्रिक शिस्त लागते, हे खरं. पण तुमचं काम लोकांपर्यंत पोचायला हवं असेल तर कुठल्याही संपादकाने, क्युरेटरने (प्रदर्शनासाठी काम निवडून मांडणाऱ्याने) मला आजवर ‘किती ॲक्सेप्टन्स?’ असं विचारलेलं नाही. ते विचारतात, ‘विषय काय, आणि आणखी किती फोटो आहेत?’

सुधारक ओलवे यांचं उदाहरण घ्या. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. गटारात उतरलेला माणूस, त्याचं घर, त्याची बायको, सगळं. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे म्हटलं की तमाशा आणि वारी आठवते. ही माणसं विषयामुळे ओळखली गेली. मृण्मयी, तुमच्या हातात तसाच विषय आहे. तो चार-चार सुट्या फोटोंत मोडून वेगवेगळ्या विभागांत वाटू नका.

मालिका मागणाऱ्या मोठ्या स्पर्धा शोधा. सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्सला शुल्क नाही. तिच्या प्रोफेशनल विभागात ५ ते १० फोटोंची मालिका द्यायची असते आणि नाव प्रोफेशनल असलं तरी पोटापाण्याचा धंदा फोटोग्राफीच हवा अशी अट नाही. ओपन विभागात सुटे फोटो चालतात. साधारण जूनमध्ये ती उघडते आणि जानेवारीच्या सुमारास बंद होते. निवडलेलं काम लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये लागतं. दुबईची हिपा ही स्पर्धा २०११ पासून आहे, तिलाही शुल्क नाही, दरवर्षी विषय जाहीर होतात, त्यातला एखादा आपल्याला लागू पडतो का ते बघायचं.

वर्ल्ड प्रेस फोटो, १९५५ पासूनची, ॲमस्टरडॅमची, तीही विनाशुल्क. मात्र ती व्यावसायिक वृत्त आणि डॉक्युमेंटरी छायाचित्रकारांसाठी आहे, तसा पुरावा मागतात. पुढच्या फेरीत गेलेल्याला मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली, काहीही प्रक्रिया न केलेली) द्यावी लागते. भोपाळ वायुदुर्घटनेतल्या त्या मातीत पुरलेल्या बाळाचा पाब्लो बार्थोलोम्यू यांचा फोटो तिथेच वर्षाचा सर्वोत्तम ठरला होता. २०२२ पासून जगाचे विभाग पाडून निवड होते, त्यामुळे आपल्याकडच्या कामाला पूर्वीपेक्षा वाव आहे असं माझं मत.

शुल्काबद्दल माझा साधा नियम : ज्या स्पर्धेच्या विजेत्यांचं काम मी आधी कुठेतरी पाहिलेलं आहे, तिथेच पैसे भरायचे. नाव कधी ऐकलं नाही, वर्षातून चार-चार वेळा ‘अंतिम मुदत वाढवली’चे मेल, शेकडो ‘सन्माननीय उल्लेख’ आणि ट्रॉफी हवी तर तिचे पैसे वेगळे, असं दिसलं की खिडकी बंद करायची.

---

मृण्मयी_क

@सिल्व्हरब्रोमाइड, @काळापांढरा, दोघांचेही मनापासून आभार. रात्री दोनदा वाचलं.

मालिकेचं पटलं. पण दहा फोटो निवडायचे कसे? मला प्रत्येक फोटोमागचं माणूस आठवतं, त्यामुळे कुठलाच बाजूला काढवत नाही.

---

काळापांढरा

स्वस्तातल्या लॅबमधून ४×६ च्या प्रती काढा आणि फरशीवर पसरा. स्क्रीनवर हे काम होत नाही. आठवडाभर जाता-येता बघत राहा. सारखं सांगणारे दोन फोटो शेजारी ठेवा, एक उचला. घरातल्या अशा माणसाला बोलवा ज्याला धनगरांबद्दल काही माहीत नाही, आणि त्याला काय कळलं ते विचारा. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही.

दूरचं, मधलं, जवळचं अशी सरमिसळ हवी. सगळेच्या सगळे चेहरे किंवा सगळीच सूर्यास्ताची मेंढरं असतील तर तिसऱ्या फोटोला बघणारा निघून जातो. आणि माणसं मेंढरं राखतात एवढ्यावर मालिका थांबू नये. दवाखाना, पोरांची शाळा, मोबाइल चार्ज करायला गावात जाणं, पावसात तंबू, मेंढरू आजारी पडणं, शेतकऱ्याशी हिशेब. जे फोटो नाहीत ते कोणते, हे फरशीवरच कळतं. पुढच्या मोसमात तेच काढायचे.

---

रानपाखरू

माझा प्रांत वन्यजीव. इथे बरेच जण वाचतायत म्हणून त्या बाजूचं लिहितो.

लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमची वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर ही १९६५ पासूनची स्पर्धा. प्रौढांना शुल्क असतं, १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना नाही. पालकांनो, हे लक्षात ठेवा. साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत प्रवेशिका घेतात. २०१६ साली मुंबईच्या नयन खानोलकरांना तिथे शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं : संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वस्तीतल्या गल्लीतून रात्री जाणारा बिबट्या. २०२० साली पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधरचा भंडारदऱ्याच्या काजव्यांचा फोटो तिथे गौरवला गेला. दोन्ही फोटो घराजवळचे आहेत. आफ्रिकेला जायची गरज नाही हे मी माझ्या गटातल्या पोरांना सतत सांगतो.

आपल्या देशात सँक्च्युअरी एशियाचे पुरस्कार आणि बंगळुरूचे नेचर इनफोकस, दोन्ही ठिकाणी काम गांभीर्याने बघतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या वन्यजीव सप्ताहात जिल्ह्याजिल्ह्यांत छोट्या स्पर्धा होतात. पहिला फोटो भिंतीवर लागलेला बघायला त्या उत्तम.

नियम मात्र कडक आहेत आणि ते कडकच असायला हवेत. लंडनच्या त्याच स्पर्धेचा २००९ चा विजेता, फाटकावरून उडी मारणारा लांडगा, पाळलेला असल्याचा निष्कर्ष निघाला आणि २०१० च्या जानेवारीत बक्षीस काढून घेतलं. २०१८ मध्ये वारुळाजवळच्या मुंगीखाऊचा विजेता फोटो बाद झाला, कारण प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघाला. सलोनच्या नेचर विभागातही काही जोडायचं नाही, काही पुसायचं नाही. फांदी पुसली तरी बाद. घरट्यातल्या पिल्लांचे फोटो अनेक स्पर्धा घेतच नाहीत, आणि मी तर म्हणेन काढूच नका. फांद्या बाजूला करून फोटो काढला की मागे कावळा, साप सगळ्यांना वाट मोकळी होते.

---

चांदणभूल

नियमांचा विषय निघालाच आहे तर एआयचंही कुणीतरी सांगा. भाऊ म्हणतो, ‘थोडं आकाश बदललं तर काय बिघडलं?’

---

काळापांढरा

@चांदणभूल, विभाग कोणता त्यावर आहे. ‘क्रिएटिव्ह’ किंवा ‘ओपन’मध्ये आकाश बदललेलं चालू शकतं, डॉक्युमेंटरी आणि नेचरमध्ये अजिबात नाही. यंत्राने बनवलेल्या प्रतिमेचं प्रकरण २०२३ मध्ये गाजलं. बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलाकाराची एआयने बनवलेली प्रतिमा सोनीच्या स्पर्धेत निवडली गेली आणि त्याने स्वतःच पुरस्कार नाकारला. स्पर्धा अशा प्रतिमांसाठी तयार आहेत का, हेच त्याला तपासायचं होतं. त्यानंतर बऱ्याच स्पर्धांनी नियमावलीत स्वतंत्र कलम घातलं. भावाला सांगा, रॉ फाइल कधीही पुसू नकोस. ती मागितली आणि नाही म्हणालास तर विषय संपला.

मुद्दाम प्रसंग उभा करून काढलेल्या फोटोंचाही प्रश्न आहे. २०१९ साली हिपाचं १,२०,००० डॉलरचं बक्षीस व्हिएतनाममधल्या एका आईच्या आणि तिच्या लेकरांच्या फोटोला मिळालं. नंतर मागची दृश्यं बाहेर आली, तर अनेक छायाचित्रकार एकाच कुटुंबाला घेरून उभे. नियम मोडला नव्हता, पण बघणाऱ्याचा विश्वास गेला. मृण्मयी, तुमच्या वाड्यावर कुणी ‘फोटो टूर’ घेऊन यायचं म्हणालं तर माझी विनंती आहे, नको म्हणा.

---

कलम५७

मी वकील आहे, कॉपीराइटची प्रकरणं बघते. कॅलेंडरचा प्रसंग वाचून राहवलं नाही.

स्वतःहून काढलेल्या फोटोचा पहिला मालक फोटो काढणारा. हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ चा पाया आहे. तिथे नोंदणीची अट नाही, फोटो काढला की हक्क जन्मतो. (लग्नाचे फोटो काढणाऱ्यांसाठी : कुणी पैसे देऊन काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक पैसे देणारा. असे फोटो स्पर्धेला पाठवायचे तर आधी लेखी परवानगी घ्या.)

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सही करूनच देता येतो, कलम १९. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि मी टोपणनाव घेतलंय ते कलम ५७ : हक्क विकून टाकला तरी ‘हे माझं काम आहे’ असं सांगण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो. तुमचं नाव न छापणं हे या कलमाखाली येतं.

स्पर्धेचे नियम वाचताना ‘हक्क’ किंवा ‘राइट्स’ शब्द शोधा आणि तो परिच्छेद सावकाश वाचा. ‘स्पर्धेच्या आणि प्रदर्शनाच्या प्रसिद्धीसाठी, नावासह, ठरावीक काळ वापर’ असं असेल तर बिनधास्त पाठवा. ‘आलेल्या सर्व प्रवेशिका आयोजकांच्या मालकीच्या होतील’, ‘कायमस्वरूपी, कोणत्याही माध्यमात, मोबदल्याशिवाय’ असं असेल तर तो फोटो गोळा करायचा स्वस्त मार्ग आहे. सर्व प्रवेशिका आणि फक्त विजेत्या प्रवेशिका, हा फरक डोळ्यांत तेल घालून बघा. नियमांचं पान त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा, कारण पानं नंतर बदलतात.

ताई, ते कॅलेंडर आणि तुमची मूळ फाइल जपून ठेवली आहे का? मला निरोप करा. निदान एक नोटीस तरी जायला हवी.

---

मृण्मयी_क

@कलम५७ ताई, कॅलेंडरचं पान जपून ठेवलंय, फाइलही आहे. निरोप केला आहे. कोणीतरी इतक्या तातडीने उभं राहील असं वाटलं नव्हतं. खूप आभार.

आता प्रदर्शनाचं कुणी सांगेल का? मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी वगैरे आमच्यासारख्यांसाठी असतं का?

---

तिसरा_मजला

मी पुण्यात एका कलादालनाचं काम बघत होते, म्हणून हा प्रतिसाद लांबणार आहे.

जहांगीर १९५२ पासून काळा घोड्याला आहे आणि तिथलं दालन सगळ्यांसाठीच आहे, पण मुख्य दालनांसाठी अर्ज, कामाची छाननी आणि मग वर्षानुवर्षांची वाट. अर्ज आजच टाका आणि विसरून जा. त्याच इमारतीतली वरची टेरेस आर्ट गॅलरी छायाचित्रकारांच्या परिचयाची. नरिमन पॉइंटला एनसीपीएमधली पिरामल गॅलरी छायाचित्रांसाठी नावाजलेली. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन आणि घोले रस्त्यावरचं राजा रविवर्मा कलादालन महापालिकेची आहेत, भाडं आवाक्यातलं. शनिवारात सुदर्शन कलादालन. ठाण्यात कापूरबावडीला ठाणे कला भवन. तुमच्यासाठी सगळ्यात सोयीचं म्हणजे कोल्हापूरच्या दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन. तिथल्या कलादालनात येणारा माणूस धनगर बघून ‘हे कोण’ असं विचारणार नाही. तो थेट फोटोवर बोलेल. पहिल्या प्रदर्शनाला असा बघणारा मिळणं फार मोलाचं.

तारीख निवडताना १९ ऑगस्टच्या आसपासचा आठवडा, जागतिक छायाचित्रण दिनामुळे, क्लबांनी आधीच अडवलेला असतो. शिवाय भर पावसात प्रिंट दमट होतात आणि माउंट बोर्ड (फोटो ज्यावर बसवतात तो पुठ्ठा) वाकतो. दिवाळीनंतरचा महिना बघा. शनिवार-रविवार हातात येतील अशीच तारीख घ्या, तीन दिवसांचं भाडं वाचवायला सोमवार-मंगळवार-बुधवार घेऊ नका.

खरा खर्च प्रिंटचा. १२×१८ इंचाचा प्रिंट ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) काढायचा तर ३६००×५४०० पिक्सेल हवेत, म्हणजे जवळपास साडेएकोणीस मेगापिक्सेल. तुमचा कॅमेरा २४ चा असेल तर निर्धास्त, पण फोटो कापून निम्मा केला असेल तर मोठा करू नका. सगळे प्रिंट एकाच मापाचे असायला हवेत असं नाही. घोड्याचा मोठा, हातांचा छोटा, भिंतीलाही लय मिळते.

कागदाबद्दल माझा आग्रह आहे. चकचकीत कागदावर दालनातले दिवे चमकतात आणि बघणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. मॅट कापसाचा कागद, हानेम्यूले कंपनीचा ३०८ जीएसएमचा (जाड) फोटो रॅग किंवा तत्सम, महाग आहे पण घोंगडीचा पोत त्यावर हाताला लागेल असा उतरतो. एक धोका सांगते : मॅट कागदावर काळ्या रंगातले बारकावे बुजतात. स्क्रीनवर घोंगडीच्या घड्या स्पष्ट दिसतात, प्रिंटमध्ये त्यांचा एक काळा ठोकळा होतो. म्हणून आधी सगळ्यात अंधाऱ्या फोटोची एक पट्टी काढून घ्या, ती दिवसाउजेडी बघा, मग सावल्या थोड्या उचलून बाकीचे छापा. पैसे कमी असतील तर पाच-सहा प्रिंट चांगल्या कागदावर आणि उरलेले साध्या मॅटवर, सनबोर्डला (फोमच्या हलक्या फळीला) चिकटवून. काच घालू नका.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे ५८ इंचांवर. शाळकरी मुलं येणार असतील तर आणखी खाली, शिक्षिकेला हे सांगायला नको.

आणि कृपा करून उद्घाटनावर पैसे घालवू नका. शाल-श्रीफळ, पाहुणे, नाश्ता यात जे जातं त्यात आणखी चार चांगले प्रिंट होतात. उद्घाटन वाड्यातल्याच कुणा आजीच्या हातून करा.

---

वारणाकाठ

तिसरा_मजला यांच्याशी सहमत, पण एक पायरी आधीची सुचवतो. पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा दसऱ्यानंतर भरते. भंडाऱ्याने सगळं गाव पिवळं होतं, महाराष्ट्र-कर्नाटकातून धनगर समाज येतो. देवस्थानाची आणि पंचांची परवानगी काढून एका मांडवात हे फोटो लावा. फ्लेक्सवर छापलेले चालतील, ऊन-भंडारा सोसतील. ज्यांचे फोटो आहेत त्यांनीच आधी बघावेत. चूक असेल तर ते सांगतील, नावं सांगतील, कोण वारलं कोण कुठे गेलं ते सांगतील. त्या माहितीशिवाय मुंबईच्या भिंतीवर हे काम अर्धं राहील.

फोटोतल्या माणसांना प्रती दिल्यात ना? नसतील तर स्पर्धेच्या शुल्काआधी तो खर्च करा.

---

मृण्मयी_क

@वारणाकाठ, प्रती देते, दरवेळी. वाडा पुन्हा भेटेपर्यंत वर्ष जातं, पण पिशवीत घालून ठेवलेल्या असतात. यात्रेची कल्पना इतकी आवडली की मुख्याध्यापकांकडे रजेचं बोलूनही झालं.

---

अक्षरजुळणी

कुणी दिवाळी अंकांचं कसं लिहिलं नाही? आपल्या भाषेत छायाचित्रमालिका हजारो वाचकांच्या घरात नेणारी ही जुनी वाट आहे. अंकांची जुळवाजुळव जून-जुलैपासून सुरू होते, ऑगस्ट संपला की पानं ठरलेली असतात. आत्ताच दोन-तीन संपादकांना लिहा. पन्नास फोटोंची लिंक पाठवू नका. आठ फोटो, छोट्या आकारात, एका पीडीएफमध्ये, सोबत दीडशे शब्दांत विषय, आणि ‘सोबत दोन हजार शब्दांचा लेख लिहू शकते’ हे वाक्य. तुम्ही वर वाघरीबद्दल जसं लिहिलंय तसंच लिहा, सजवू नका. मानधन, नाव आणि ‘फक्त या अंकापुरता वापर’ हे आधीच मेलवर ठरवून घ्या. बहुतेक अंक कृष्णधवल पानांवर छापतात, तेव्हा रंगाशिवाय टिकणारे फोटो वेगळे काढून ठेवा.

---

पणजीकर

गोव्यात डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो, २०१६ पासून. तिथे निवड क्युरेटर करतात, पण बघायला नक्की या. प्रकल्प भिंतीवर, आवाजासह, वस्तूंसह कसा मांडतात हे शिकायला मिळतं. तुमच्याकडे एखादी जुनी वाघर, घोंगडी असेल तर फोटोंसोबत तीही टांगता येईल. हैदराबादचा इंडियन फोटोग्राफी फेस्टिव्हल आणि चेन्नई फोटो बिएनाले, दोघांचे खुले अर्ज निघतात, त्यांच्या मेल यादीत नाव घालून ठेवा. पुस्तक डोक्यात असेल तर अल्काझी फाउंडेशनच्या फोटोपुस्तक अनुदानावर लक्ष ठेवा, ते दरवर्षी निघतंच असं नाही.

---

सिल्व्हरब्रोमाइड

काळापांढरा यांचं मालिकेचं म्हणणं मला मान्य आहे. तरी एक गोष्ट सोडत नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसाला जहांगीर, लंडन, संपादक यांच्यापैकी कुणीच ओळखत नसतं. त्याला वर्षात एखादा सलोन शिस्त लावतो : फाइल वेळेत, सांगितलेल्या मापात, एसआरजीबी या प्रमाण रंगपद्धतीत, नाव न छापता पाठवायची. ही सवय सोनीला पाठवतानाही उपयोगी पडते. मृण्मयीताई, वर्षातून एक-दोनच निवडा, तेही फोटोजर्नालिझम किंवा ट्रॅव्हल विभाग असलेले.

---

काळापांढरा

काका, एक-दोन म्हणत असाल तर माझी काहीच हरकत नाही.

---

मृण्मयी_क

सगळ्यांचं वाचून असं ठरवलंय. या महिन्यात ४×६ च्या प्रती फरशीवर. दिवाळी अंकासाठी आठ फोटो आणि टिपण लगेच. दसऱ्यानंतर पट्टणकोडोलीला मांडव. तिथे जे कळेल त्यावरून पुढच्या मोसमातले राहिलेले फोटो, आणि जानेवारीच्या आत सोनीला दहाची मालिका. शाहू स्मारकचा अर्ज पुढच्या हिवाळ्यासाठी. सलोन एकच, काकांनी सुचवलेल्या विभागात. जहांगीरचा अर्जही भरून टाकते.

एक राहिलं. फोटोखाली काय लिहायचं? मला ‘जीवनगाणे’, ‘वाट’ अशी शीर्षकं नकोशी वाटतात.

---

अक्षरजुळणी

नकोशी वाटतात हे चांगलंच आहे, देऊ नका. माणसाचं नाव (त्यांनी होकार दिला असेल तर), ठिकाण, महिना आणि वर्ष, आणि फोटोत न दिसणारी एक माहिती. ‘कोकरांना पहिले काही दिवस घोड्यावरून नेतात’ इतकं साधं. सोनीसाठी हेच इंग्रजीत करावं लागेल, पण ‘वाडा’ आणि ‘वाघर’ हे शब्द तसेच ठेवा, पुढे चार शब्दांत अर्थ द्या. प्रदर्शनात मराठी ओळ वर आणि ठळक, अक्षर चार फुटांवरून वाचता येईल एवढं.

आठ फोटोंच्या ओळी तयार झाल्या की इथेच टाका. शुद्धलेखन मी तपासून देते.

---

तिसरा_मजला

आणि कोल्हापूरला टांगणीच्या दिवशी मदतीला दोघं तरी लागतील. मी येते. सोबत पाणसळ आणि मापाची टेप आणा, दालनात असतीलच असं नाही.